जलद भरणारी बॅटरी : आश्वासन आणि हिशेब

पाच-दहा मिनिटांत पूर्ण भरणाऱ्या नव्या बॅटरीचा शोध लागल्याची वार्ता वरचेवर प्रसिद्ध होते. विजेचा ट्रॅक्टर वा मालवाहू तीनचाकी घेऊ पाहणारा तुळजापूर, कळंब किंवा उमरगा तालुक्यातील शेतकरी अशा वार्तेने द्विधा होतो. आज कर्ज काढावे, की नव्या शोधाची वाट पाहावी ? प्रश्न पैशाचा आहे. सबब त्याचा निकाल जाहिरातीने नव्हे, तर हिशेबाने लावणे उचित होय.

प्रथम विजेचा हिशेब पाहू. डिसेंबर २०२० मध्ये सोनालिका कंपनीने विजेचा ट्रॅक्टर जाहीर केला. त्याची बॅटरी सुमारे २५.५ युनिटांची असून ती घरगुती जोडणीवर १० तासांत व जलद भरणयंत्रावर ४ तासांत भरते, असे कंपनीने सांगितले होते. १० तासांत भरावयास सरासरी अडीच किलोवॅट शक्ती पुरते. तीच बॅटरी १० मिनिटांत भरावयाची तर १५० किलोवॅटांहून अधिक शक्ती लागेल. म्हणजे ५ अश्वशक्तीचे ४० पंप एकदम चालविण्याइतकी! शिवारातील १०० केव्हीएच्या रोहित्रास हा एकच भार पेलणार नाही. शेतीच्या वाहिनीस वीज ठरावीक तासच मिळते, ही अडचण निराळीच. विहिरीचा झराच बारीक असता मोट मोठी करून काय लाभ ?

दुसरा विचार बॅटरीच्या अंतर्भागाचा. लिथियम बॅटरी भरताना लिथियमचे विद्युत्भारित कण ग्राफाइटच्या थरांत शिरतात. सावकाश आले तर त्यांस आत जागा मिळते. घाईने लोटले तर आत शिरण्यापूर्वीच पृष्ठभागावर त्यांचा धातुरूप लेप बसू लागतो. त्यामुळे साठवणशक्ती कायमची घटते, आणि लेपाचे काटे वाढून आत शॉर्टसर्किट झाल्यास आगीचेही भय असते. शिवाय प्रवाह दुप्पट केला की उष्णता चौपट वेगाने उत्पन्न होते. वैशाखात आपल्याकडे पारा ४० अंशांवर चढतो, तेव्हा ती बाहेर घालविणे अधिकच कठीण. प्रयोगशाळेत बटणाएवढ्या घटास जे साधते, ते शेकडो घटांच्या पेटीस साधेलच असे नाही.

अशा आश्वासनांचा इतिहासही बोधप्रद आहे. थॉमस एडिसन यांनी १९०१ मध्ये लोह-निकेल बॅटरीची मोठी ग्वाही दिली. परंतु पहिला माल गळू लागल्याने १९०४ मध्ये तो मागे घ्यावा लागला व सुधारणेस आणखी कित्येक वर्षे लागली. २०१४ मध्ये इस्रायलच्या स्टोअरडॉट कंपनीने सुमारे ३० सेकंदांत फोन भरून दाखविला आणि दोन-तीन वर्षांत ही बॅटरी बाजारात येईल असे सांगितले; ती मुदत टळून गेली.

तथापि प्रगती होतच नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. मार्च २०२५ मध्ये चीनच्या बीवायडी कंपनीने ५ मिनिटांत सुमारे ४०० किलोमीटर धावण्यापुरती वीज मोटारीत भरण्याची योजना जाहीर केली. मात्र तीस १,००० किलोवॅटचे भरणयंत्र लागते, हे विसरू नये.

म्हणून विक्रेत्यास पुढील प्रश्न अवश्य विचारावेत. सांगितलेला वेळ पूर्ण भरण्याचा, की १० ते ८० टक्क्यांपर्यंतचा ? त्याच वेगाने किती वेळा भरल्यावर क्षमता किती उरते ? उन्हाळ्यात काय होते ? भरणयंत्रास किती किलोवॅट लागतात ? हमी लेखी आहे काय ? समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नये.

ट्रॅक्टर बहुधा रात्री उभाच असतो. एका भरणीत दिवसाचे काम उरकत असेल व घरच्या जोडणीचा मंजूर भार पुरेसा असेल, तर सावकाश भरणारी बॅटरीही आपले काम भागवील. काम उरकत नसेल, तर भावी शोधाच्या भरवशावर आज कर्ज काढणे शहाणपणाचे नव्हे.