करवती किनार

चंद्रपूर व गडचिरोली हा पूर्वी एकच जिल्हा होता. १९६४ पर्यंत त्यास चांदा म्हणत. १९८२ मध्ये गडचिरोली वेगळा झाला. येथील अरण्यात ऐन व अर्जुन या वृक्षांची पाने खाऊन टसर रेशमाचा किडा वाढतो. तो घरात पोसला जात नाही. अळ्या रानातील झाडांवर सोडतात आणि ढिवर लोक दिवसभर पाखरांना हाकलीत त्यांची राखण करतात. एखादा थवा डोळा चुकवून उतरला, तर कित्येक दिवसांची मेहनत त्याच्या चोचीत जाते!

अळीच्या कोशाला कोसा म्हणतात. तो उकळून मऊ केला, की मधाच्या रंगाचा धागा निघतो. पूर्वी स्त्रिया तो मांडीवर वळीत.

या टसराची जी साडी विदर्भातील कोष्टी विणतात, तिची किनार पाहण्याजोगी असते. अंग व किनार यांच्या सीमेवर करवतीसारखे दाते उमटतात. ते भरतकाम नव्हे, छापही नव्हे. मागावर ३ धोटे चालतात : एक अंगाचा, दोन किनारींचे. अंगाचा आडवा धागा किनारीपाशी येतो, तेथील आडव्या धाग्यात गुंततो आणि मागे फिरतो. गुंफणीची ही जागा क्रमाने पुढेमागे सरकत गेली, की दाते तयार होतात.

धागे कापडातून आरपार गेलेले असल्याने दाते दोन्ही बाजूंना दिसतात. साहजिकच चूकही दोन्हीकडे दिसते. मग विणकर तेवढे फेरे उसवतो आणि धोटा पुन्हा हाती घेतो.