विडी सोडण्याची पूर्वतयारी

विडी-सिगारेटचे व्यसन केवळ निर्धाराच्या बळावर सुटतेच असे नाही. त्यासाठी पूर्वतयारी व आप्तेष्टांचे साहाय्य लागते. शरीराला निकोटीनची सवय जडलेली असल्याने ते बंद होताच चिडचिड, अस्वस्थता व निद्रानाश जाणवतो. हा त्रास पहिल्या काही दिवसांत तीव्र असतो आणि साधारणतः २ ते ४ आठवड्यांत ओसरतो.

म्हणून प्रथम एक तारीख निश्चित करून ती घरच्यांना व सहकाऱ्यांना सांगावी. तत्पूर्वी आठवडाभर विडी केव्हा व कोणासोबत ओढली जाते याची नोंद ठेवावी. चहाच्या वेळच्या सोबत्याने विडी पुढे न करणे हेही मोठे साहाय्यच होय. तलफ बहुधा काही मिनिटेच टिकते. तेवढा वेळ कोणी बोलण्यात गुंतविले तरी ती टळते. घरच्यांनी चिडचिड मनावर घेऊ नये. एखादी विडी ओढली गेलीच, तर दूषणे न देता पुन्हा प्रारंभ करण्यास धीर द्यावा. केंद्र शासनाच्या १८००-११-२३५६ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर २०१६ पासून समुपदेशनही मिळते.

विडीचा धूर साऱ्या घराला सोसावा लागतो. तो थांबविण्याचे कार्यही साऱ्या घराचेच आहे.