भाव ठरवा, पण एकट्याने!

समजा, साताऱ्यातले पाच कंदी पेढेवाले किंवा सांगलीतले पाच भडंगवाले व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरवतात, "या भावाखाली कुणी विकायचं नाही." एकी वाटते ना? स्पर्धा कायदा, 2002 च्या कलम 3 मध्ये हे बसत नाही.

भाव वरून बांधून दिला तरी तेच. 23 ऑगस्ट 2021 ला भारतीय स्पर्धा आयोगाने मारुती सुझुकीला 200 कोटींचा दंड लावला. आयोगाच्या मते, कंपनी डीलरांना ठरलेल्यापेक्षा जास्त डिस्काउंट देऊ देत नव्हती. गिऱ्हाईक बनवून माणसं पाठवून तपासायची. कंपनी अपिलात गेली.

ग्राहकाला काय मिळतं? दंड सरकारी तिजोरीत जातो. भरपाईसाठी वेगळा अर्ज लागतो. खरा फायदा पुढच्या गिऱ्हाईकाला, तोही दुकानदार मोकळेपणाने भाव कमी करू लागला तरच.

आता तुमचा हिशोब. दंड उलाढालीच्या 10 टक्क्यांपर्यंत, संगनमत असेल तर त्याहूनही जास्त लागू शकतो. शंभराच्या विक्रीत आठ रुपये सुटत असतील, तर वर्षाची कमाई गेली!

म्हणून शेजाऱ्याचा बोर्ड जरूर बघा, पण भाव आपला खर्च मांडून ठरवा. ग्रुपवर तसा मेसेज आला, तर "मी यात नाही" असं लिहून बाहेर पडा.