संप्रेरकाचा माग

पदार्थविज्ञान शिकवणाऱ्याने कर्करोगावर लिहावे याचे तुम्हांला नवल वाटेल. पण या हकिकतीत किरणोत्सर्गाचा वाटा मोठा आहे, म्हणून हे धाडस.

स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रीची अंडाशये काढून टाकल्यास गाठी लहान होऊ शकतात, असे ग्लासगोचे शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी १८९६ साली प्रसिद्ध केले. पुढे आढळले की हा उपाय तिघींपैकी साधारण एकीलाच लागू पडतो. बाकीच्या दोघींच्या वाट्याला शस्त्रक्रियेचा त्रास तेवढा येई. लागू पडणार कोणाला, हे आधी कसे ओळखावे?

अंडाशयातून इस्ट्रोजेन हे संप्रेरक रक्तात मिसळते. रक्त तर सर्वांगात फिरते. मग गर्भाशय, स्तन अशा मोजक्याच अवयवांवर त्याचा ठळक परिणाम का व्हावा? शिकागो विद्यापीठात एलवुड जेन्सन यांनी १९५० नंतरच्या दशकात याचा माग काढला. इस्ट्रोजेनच्या रेणूतील काही हायड्रोजन अणूंच्या जागी त्यांनी ट्रिटियम बसवले. ट्रिटियम हा हायड्रोजनच, फक्त त्याच्या अणुकेंद्रात दोन न्यूट्रॉन जास्त. रासायनिक वागणूक जवळजवळ तीच. मात्र तो किरणोत्सर्गी असून त्याचे अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षे आहे. त्याचे बीटा कण इतके दुबळे, की आपली कातडीही भेदू शकत नाहीत! त्यामुळे मोजणी मोठी नाजूक.

हे खूण केलेले संप्रेरक उंदरांच्या माद्यांना टोचले. स्नायूंतून ते लवकरच नाहीसे झाले, गर्भाशयाने मात्र ते तासन् तास धरून ठेवले. तेही जसेच्या तसे. म्हणजे तेथे त्याला पकडणारे काहीतरी असले पाहिजे. तेच 'ग्राही' नावाचे प्रथिन.

मग स्तनातील गाठी तपासल्या. काहींत ग्राही भरपूर, काहींत जवळजवळ नाहीतच. आणि ज्यांत नाहीत, त्या रुग्णांना अंडाशये काढून क्वचितच गुण येई. कोडे उलगडले.

आता या तपासणीला ट्रिटियम लागत नाही. गाठीचा पातळ काप प्रतिपिंडांच्या साहाय्याने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. शंभरांत एका पेशीचे केंद्रक रंगले तरी गाठ ग्राहीयुक्त धरतात. अशा रुग्णांना टॅमॉक्सिफेन देता येते. ते ग्राहीवरील जागा अडवते. पाच वर्षे घेतल्यास त्या काळात रोग उलटण्याचे प्रमाण जवळजवळ निम्मे होते. ग्राही नसतील तर ते घेऊन उपयोग नाही, दुसरे उपचार करावे लागतात.

पण ग्राही सापडले म्हणजे सुटलो, असे मात्र नव्हे. ग्राहीरहित रोग उलटलाच तर बहुधा पहिल्या पाच वर्षांत उलटतो. ग्राहीयुक्त रोग पंधरा-वीस वर्षांनीही डोके वर काढू शकतो.