आधी वेग जुळव, मग शिर

डोंबिवलीहून ठाण्याला रोज गाडी नेणार आहेस, तर पोरी, हायवेला लागायच्या जागा आधी नीट ओळखून ठेव. सरळ रस्त्यावर कुणीही गाडी चालवतं. कस लागतो तो माणकोलीला आणि राजनोली नाक्यावर. मोठागावचा पूल ओलांडून गेलीस काय किंवा दुर्गाडी-कोनवरून गेलीस काय, ठाण्यासाठी डावीकडे वळून नाशिक हायवेलाच लागायचं. तिथे कंटेनर, भिवंडीच्या गोदामांचे टेम्पो, नाशिकहून येणारा भाजीपाला सगळं एकदम अंगावर येतं.

हायवेवर जो आधीच चालतोय, पहिला हक्क त्याचा. बाजूने येणाऱ्याने वाट द्यायची. लाल कडेचा उलटा त्रिकोण दिसला तर द्यायचीच, पण पाटी नसली, पेट्रोल पंपातून किंवा सर्व्हिस रोडवरून निघत असलीस तरी असंच वाग. सिग्नल नसलेल्या साध्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, आणि गोल चौकात जो आत फिरतोय त्याला. 2017 सालच्या वाहन चालवण्याच्या नियमांत हे सगळं आहे. पण समोरच्याने ते वाचलंय असं कधी धरून चालू नकोस.

शिरायच्या दोन तऱ्हा आहेत, त्यांची गल्लत करू नकोस. जिथे हायवेला लागून लांब पट्टा असतो तिथे त्या पट्ट्यावरच वेग वाढवायचा. चालत्या एसटीत चढणारा आधी तिच्या बरोबरीने धावतो ना, तसं. ट्रक पन्नासने येत असतील तर आपणही पन्नासला पोचायचं आणि मग आत सरकायचं. वीसने रांगत शिरलीस तर मागच्याला ब्रेक दाबायला लागतो, आणि लोड भरलेल्या ट्रेलरचा ब्रेक आपल्या गाडीसारखा लागत नाही.

जिथे पट्टाच नाही, नुसती दुभाजकातली फट आहे, तिथे मात्र पूर्ण थांब. उभ्या छोट्या गाडीला साठचा वेग गाठायला सात-आठ सेकंद लागतात. तेवढ्यात साठने येणारा ट्रक सव्वाशे मीटर पुढे येतो आणि आपण जेमतेम साठेक मीटर गेलेलो असतो. तेव्हा दूर दिसणारा ट्रक दूर आहे असं समजू नकोस. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू देत. तुला जे दिसतंय ते त्यांना दिसत नाही. गाडीचं नाक पुढे काढून रस्ता अडवणं तर अजिबात नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं, माझ्या वस्तादांनी मला सांगितलेलं. आपण डावीकडून शिरतो आणि ट्रक-ड्रायव्हर बसतो उजवीकडे, उंचावर. म्हणजे त्याच्या केबिनच्या डाव्या दाराखाली आपण नेमके त्याला न दिसणाऱ्या जागी असतो. त्याच्या डाव्या आरशात त्याचा चेहरा तुला दिसतोय का बघ. नसेल दिसत, तर त्याच्या लेखी तू तिथे नाहीसच. अशा वेळी एक तर त्याला पूर्ण पुढे जाऊ दे, नाही तर दोन ट्रकांमध्ये चांगली जागा सापडेपर्यंत थांब. शिळफाट्याला वळणाऱ्या ट्रेलरच्या डाव्या बाजूला तर उभीच राहू नकोस. त्याचं पुढचं चाक जिथून जातं, मागचं त्याच्या बरंच आतून येतं.

इंडिकेटर शिरायच्या बऱ्याच आधी दे. उजव्या आरशात बघ, मग मान वळवून बघ, आणि एकदा डावीकडेही, कारण तिथून बाइकवाला घुसलेला असतो. मागच्याने डिप्पर मारला तर तो बोलावतोय असं वाटून घेऊ नकोस. इंग्लंडमध्ये बरेच जण ‘या तुम्ही’ म्हणून लाइट मारतात. आपल्याकडे त्याचा अर्थ ‘मी थांबत नाहीये’.

आत शिरलीस की पुढच्या गाडीपासून तीन सेकंदांचं अंतर ठेव. ती खांबापाशी गेली की ‘एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन’ म्हणायचं. त्याआधी आपण खांबाशी पोचलो तर फार जवळ आहोत. पावसाळ्यात हे दुप्पट कर. खड्डा चुकवायला पुढचा कधी लेन सोडेल सांगता येत नाही.

परतताना ठाण्यात कॅडबरीचा पूल उतरल्यावर माजिवड्यापर्यंत जरा जपून. वरून आलेले घोडबंदरसाठी डावीकडे ओढतात, खालून आलेले नाशिकसाठी उजवीकडे, आणि दोघांनाही घाई असते. कुठे जायचं ते पुलावर असतानाच ठरव. घोडबंदरचं वळण चुकलं तर चुकलं, खारेगावपर्यंत जाऊन वळून ये. हायवेवर रिव्हर्स कधीच नाही.

आणि हक्क तुझा असेल, कुणी बाजूने येत असेल, तेव्हा उजवी लेन मोकळी असली तर तिकडे सरक. नसली तर आहे त्याच वेगाने चाल. त्याला अडवायला वेग वाढवू नकोस आणि दया येऊन कचकन ब्रेकही मारू नकोस. अँब्युलन्स आली तर मात्र हक्कबिक्क विसरून बाजूला हो. तिला वाट न दिल्यास 10,000 रुपये दंड आहे, पण ते दंडासाठी करायचं काम नाही.

रविवारी सकाळी सहाला निघू. माणकोलीवरून जाऊ, राजनोलीवरून परत येऊ. गाडी तू चालव, मी शेजारी बसतो. निघायच्या आधी तिन्ही आरसे तुझ्या उंचीला लावून घे.