मोडलेलं हाड जुळलं असतं

आमचं घराणं गायकवाडी काळात गुजरातेतल्या डभोईत आलं आणि इथलंच झालं. दारात गीर गाय पिढ्यान्‌पिढ्या आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या लहान कालवडीचा पाय दाव्यात अडकला, ती ओल्या फरशीवर आपटली आणि पुढच्या पायाची नळी मोडली. मी तेव्हा गावाला गेले होते. शेजारच्या काकांनी चांगल्या मनाने एका हाडवैदाला बोलावलं. त्याने हळद-चुन्याचा लेप दिला, कातडीलगत बांबूच्या कामट्या ठेवल्या आणि वरून सुतळी करकचून आवळली.

मी परतले तेव्हा तिचा खूर थंडगार पडला होता आणि पट्टीतून घाण वास येत होता. गुरांच्या डॉक्टरांनी सुतळी कापली, तर खालची कातडी काळी पडून सुटत होती. कालवड वाचली नाही. डॉक्टर म्हणाले, “मोड साधी होती, ताई. कातडी फाटली नव्हती. नीट प्लास्टर झालं असतं तर दीड महिन्यात हाड जुळलं असतं.” ते वाक्य माझ्या मनातून जात नाही, म्हणून हे लिहिते आहे.

हाड मोडलं की त्या जागी रक्त साकळतं, त्यात आधी मऊ कूर्चा तयार होते आणि हळूहळू तिचं हाड बनतं. यासाठी दोनच गोष्टी लागतात, वाहतं रक्त आणि न हलणारी टोकं. करकचून बांधलं की रक्त थांबतं, आणि मोडीपुरतंच आखूड बांधलं तर टोकं हलतच राहतात. म्हणून मोडीच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे आधारात घ्यावे लागतात. मोडल्यानंतर पाय सुजतो, त्यामुळे सकाळी बेताची वाटलेली पट्टी संध्याकाळी फास होते.

डॉक्टर येईपर्यंत जनावराला बसू द्या, पाय ओढून सरळ करू नका. गुडघ्याखालची मोड असेल तर कापसाचा जाड थर गुंडाळा. पीव्हीसी पाइप उभा चिरून त्याची अर्धी पन्हळ खुरापासून गुडघ्याच्या वरपर्यंत बसवा आणि रुंद कापडी पट्टीने बांधा. सुतळी किंवा तार मुळीच नको. मोड मांडीत किंवा खांद्याजवळ असेल तर काहीच बांधू नका. तिथे पट्टी मोडीच्या वर पोहोचत नाही, तिचं वजन खाली लोंबतं आणि टोकं जास्तच हलतात. हाड बाहेर दिसत असेल तर स्वच्छ ओल्या फडक्याने झाकून लगेच डॉक्टरांकडे निघायचं. हळद, चुना, माती, शेण, यातलं काहीही जखमेत जाऊ नये.

प्लास्टर झाल्यावर आपलं काम सुरू होतं. ते भिजू देऊ नका, गोठ्यात घसरण नको, रोज वास घेऊन बघा. टेकत असलेला पाय जनावराने अचानक उचलून धरला, किंवा प्लास्टरच्या वरच्या कडेला सूज आली, की त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. वासरू वाढतं, प्लास्टर वाढत नाही. ते मध्ये बदलावं लागतं. मोठ्या गाईला दोन-तीन महिने किंवा जास्तही लागतात. त्या काळात कांडवेल किंवा कॅल्शियमच्या बाटल्यांवर पैसे घालण्यापेक्षा चांगला चारा आणि खनिज मिश्रण द्या.

वेदनाशामक गोळी घरातल्या डब्यातून काढू नका. माणसाची पॅरासिटामॉल मांजराचा जीव घेते. डायक्लोफेनॅक गुरांसाठी 2006 पासून बंद आहे, कारण ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं तर गिधाडं मरतात. मेलॉक्सिकॅम चालतं, पण मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची.

उत्तरायणात मांज्याने पंख तुटलेले पक्षीही घरोघरी येतात. पक्ष्याची छाती घट्ट गुंडाळली तर तो गुदमरतो, कारण श्वासासाठी त्याला छातीचं हाड हलवावं लागतं. त्याला भोकं पाडलेल्या अंधाऱ्या खोक्यात ठेवा, पाणी चोचीत ओतू नका.

1862 मध्ये याच डभोईहून मियागामपर्यंत रेल्वेचे डबे बैल ओढत होते. अशा गावात जनावराच्या मोडलेल्या पायाचा निवाडा सुतळीवर सोडला जाऊ नये. गुजरातमध्ये 1962 हा जनावरांच्या मदतीचा टोल-फ्री नंबर आहे. गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवा. एक्स-रे आणि शस्त्रक्रियेसाठी आणंदचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. हाडवैदाला बोलावण्याआधी 1962 वर फोन करा.