उन्हाळ्यातला गार वारा आणि पोचट भात

भर मे महिन्यात गच्चीवर गार झुळूक आली की आपण खूश होतो. जपानच्या ईशान्येकडच्या तोहोकू भागात मात्र उन्हाळ्यातल्या गार वाऱ्याने शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. या वाऱ्याचं नाव 'यामासे'.

जून ते ऑगस्टमध्ये ओखोत्स्क समुद्रावर थंड हवेचा उच्च दाब ठाण मांडून बसला, की ईशान्येचे वारे सुटतात. वाटेत ओयाशिओ हा थंड सागरी प्रवाह लागतो. त्यावरून येणारी हवा गारच राहते, वर बाष्प घेते आणि धुकं अन् खालचे ढग घेऊन किनाऱ्यावर शिरते. दिवसेंदिवस सूर्यदर्शन नाही! थंड हवेचा हा थर फार उंच नसतो, त्यामुळे मधली ओऊ पर्वतरांग त्याला बऱ्यापैकी अडवते. पलीकडे आकितात उतरणारा पूर्वेचा वारा उलट कोरडा आणि उबदार असतो.

खरी मेख वेळेची आहे. भात पोटरीत असताना, लोंबी बाहेर पडण्याच्या साधारण १०-१२ दिवस आधी, परागकण तयार होत असतात. नेमका तेव्हाच पारा काही दिवस १७ अंशांच्या खाली राहिला तर ते निकामी होतात. रोप हिरवंगार दिसतं, पण दाणा भरत नाही. भरलेली लोंबी वाकते, ही ताठ उभी राहते.

१९९३ साली हेच झालं. सरासरी पीक १०० धरलं तर त्या वर्षी देशाचा आकडा ७४ होता आणि आओमोरीचा फक्त २८. तांदळाच्या आयातीला दार बंद ठेवणाऱ्या जपानला थायलंड, चीन, अमेरिकेकडून तांदूळ घ्यावा लागला.

यावरचा उपाय मला फार आवडला, कारण त्यात यंत्र नाही. एरवी खाचरात चार-पाच सेंटीमीटर पाणी असतं. थंडीचा अंदाज आला की बांध उंच करून ते १५ ते २० सेंटीमीटरपर्यंत वाढवतात. कोवळी लोंबी तेव्हा खोडातच, साधारण त्याच उंचीवर असते, आणि पाणी हवेइतकं झटकन गार होत नाही. आपण पहिल्या वर्षी घोकलेली विशिष्ट उष्मा ती हीच!

नुसत्या पाण्यावर मात्र भागलं नाही. १९९३ नंतर थंडीला नाजूक असलेल्या 'सासानिशिकी' वाणाची जागा झपाट्याने 'हितोमेबोरे'ने घेतली.